कळसाहून एक फूट कमी

(नागपूर, १९७७. पाणीपुरवठ्याच्या एका कचेरीचा व्हरांडा, दुपार. टेबलाशी कारकून वामनराव. समोर बाकावर काटोलकडच्या एका गावचा देवाजी आणि त्याची बायको जयवंता.)

वामनराव : तुमचा अर्ज नामंजूर झाला, देवाजी.

देवाजी : पण बाबूजी, मी तं आत्ताच आलो. अर्ज अजून द्याचा हाय.

वामनराव : अस्सं? मग मी काही बोललो नाही. साहेब सोमवारपासून रजेवर, म्हणून पुढच्या आठवड्याचे शेरे आजच मारून गेलेत. बसा. लिहून घेऊ.

जयवंता : लिहूनही नामंजूरच?

वामनराव : बाई, न दिलेल्या अर्जाबद्दल कचेरी मत देत नाही. हं. मागच्या खेपेला साहेबांनी विचारलं होतं, टाकी उंच कशाला लागते. पुरावा आणला?

देवाजी : आणला ना. तीन टाक्या पाहून आलो. इले घेऊन.

जयवंता : बावीस वर्सांत पयल्यांदा फिराले नेलं यायनं. लोकं बायकोले सिनेमा दाखवते. मले टाक्या दाखवल्या.

देवाजी : चांगल्या नव्हत्या का वं?

जयवंता : सदर मोहल्ल्यातली चांगली होती. सावली मोठी होती तिची.

देवाजी : तं सदरच्या चौकीदारानं सांगतलं, पाणी जेवढ्या उंचावरून उतरते तेवढंच नळातून चढते. त्याच्यावर एक वीत नाही. मंग टेसनावर गेलो. तिथं कोळशाचं इंजिन भी वरूनच पाणी पिऊन राहिलं होतं. इंजिन वाकत नाही, बाबूजी.

वामनराव : ‘इंजिन वाकत नाही.’ लिहिलं. पुढे?

देवाजी : कळमेश्वरले एका कारखान्याची टाकी. खांबावर, पार आभाळात. तिच्या जोरावर तिसऱ्या मजल्याले पाणी.

जयवंता : मी वर चढून नळ सोडून पाह्यला. धो धो आलं. अन् त्या खोलीत कोणी राहतच नाही.

वामनराव : मग?

जयवंता : मंग काय. पायावर घेतलं अन् बंद केला.

देवाजी : आता आमची टाकी एकोणतीस फूट. आमची वस्ती टेकडीवर, पन्नास फूट वर. चार वर्सं झाले तुम्ही नळ लावून देल्ले. त्याच्यातून हवा येते.

वामनराव : हवा येते म्हणजे जोडणी बरोबर आहे.

जयवंता : उन्हाळ्यात गरमही येते.

वामनराव : हे पाहा, टाकी उंच होणार नाही. देवळाचा कळस तीस फूट. कळसाहून उंच काही बांधायचं नाही, हा तुमच्याच गावचा ठराव. म्हणून टाकी एक फूट कमी.

जयवंता : चिंच हाय ना कळसाहून उंच.

वामनराव : चिंच बांधलेली नाही.

देवाजी : त्या देवळात आमाले आधी कोणी येऊ देल्लं नाही. छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून आमीच जात नाही. मंग त्याचा कळस आमच्याच नळाले काहून आडवा येते?

वामनराव : ते अर्जात नको. साहेबांना वाईट वाटतं.

देवाजी : तं कळसच उंच करा. साठ फूट. आमची काही हरकत नाही.

वामनराव : तुम्ही देवळात जात नाही. तुमची हरकत विचारतो कोण?

देवाजी : मंग टेकडीवरच बांधा, लहानशी टाकी.

वामनराव : टेकडीवर रांजण ठेवला तरी तो कळसाहून उंच होतो.

देवाजी : आमचे घरं भी तिथंच हायेत ना! ते भी कळसाहून उंचच झाले.

वामनराव : हळू बोला. ते अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

देवाजी : तं मंग टेकडीच...

वामनराव : टेकडी खाली करा असंही म्हणू नका. टेकडी महसूल खात्याची आहे.

देवाजी : तं मागू काय, बाबूजी? डॉक्टरनं सांगतलं, इनं आता घागर घेऊन चढाचं नाही. दोन्ही गुडघे गेले. मी पहाटे दोन घागरी आणतो अन् गिरणीच्या पाळीले जातो. बाकीच्या सहा इच्याच डोक्शावर.

वामनराव : डॉक्टर नको म्हणाले, तरी?

जयवंता : डॉक्टर कुठं टेकडीवर राहते?

वामनराव : माझ्या हातात असतं तर... जाऊ द्या. काहीतरी मागा. मागितल्याशिवाय नामंजूर तरी कशाला करणार?

जयवंता : मी सांगते. लिहा. लग्न होऊन आली तवा मी एकोणीसची होती. दोन घागरी डोक्शावर, एक कमरेवर, अन् गाणं म्हणत चढत होती.

देवाजी : खरं हाय बाबूजी. खालपर्यंत आयकू येत होतं.

वामनराव : बरं, त्याचं काय?

जयवंता : टाकी वर होत नाही, टेकडी खाली होत नाही. हलवाले एक मीच उरली. लिहा तुमच्या भाषेत.

वामनराव : ...थांबा. हं. वाचून दाखवतो. ‘तरी टाकी, कळस व टेकडी यांची उंची आहे तशीच कायम ठेवून, अर्जदाराची पत्नी जयवंता हिचे वय बावीस वर्षांनी कमी करून मिळावे, ही नम्र विनंती.’