झेंडूच्या भावाची वेबसाइट बंद पडल्याबाबत

नाव रूपाली सावळीराम थेटे, वय २४, धंदा कॉम्प्युटर दुरुस्ती, राहणार मखमलाबाद, नाशिक.

समक्ष हजर राहून सांगते की, आज दसरा, सन २००८. आज संध्याकाळी माझा साखरपुडा आहे आणि नवरदेव तुमच्या बाकावर बसलेला आहे. हवालदारसाहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटले, हेच आधी लिहा.

बाकावरच्या हर्षल मौले याने आमच्या फूल उत्पादक संघाची वेबसाइट बनवली. शेतकरी तिच्यावर झेंडूचा भाव बघून गाडी भरतात. ती काल संध्याकाळपासून उघडेना. संघाचे चेअरमन गोटीराम थेटे हे माझे सख्खे चुलते, घरात आम्ही त्यांना तात्या म्हणतो. हर्षलशी त्यांचे मागे वाजले होते, म्हणून त्यानेच ती मुद्दाम बंद पाडली अशी तक्रार त्यांनी दिली. वर घरी येऊन म्हणाले, "पोरगी द्यायच्या आधी कळलं, बरं झालं. आज सुपारी फुटायची नाही." आई रडायला लागली. माझे डोकेच फिरले.

मी कॉम्प्युटर लावून बसले. ब्राउझर काय मागतो आणि सर्व्हर काय उत्तर देतो ते पाहिले. सर्व्हर जिवंत होता, पण आत्ता सवड नाही असे सांगत होता. त्याला एवढे कामाला कोणी जुंपले ते शोधले, तर एकाच ठिकाणाहून तेच पान मागितले जात होते, श्वास न घेता. ते ठिकाण म्हणजे संघाच्या ऑफिसातली तात्यांचीच केबिन. मला जे हसू फुटले ते अजून आवरत नाही.

हवालदारसाहेब व तात्यांना घेऊन मी केबिन उघडायला लावली. काल खंडेनवमीला तात्यांनी कॉम्प्युटरची पूजा केली होती. वेबसाइट उघडी ठेवून कीबोर्डवर हळदकुंकू लावलेला नारळ ठेवला होता. पूजेतल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून तिकडे कोणी फिरकले नाही. पान पुन्हा मागवायच्या बटणावर नारळ रात्रभर ठाण मांडून होता. मी नमस्कार करून तो उचलला. थोड्या वेळाने भाव दिसू लागले.

तात्या म्हणाले, "रूपे, हाच नारळ तुझ्या ओटीत घालतो, पण कुठं बोलू नको." मी सरळ येथे येऊन बोलले आहे. नारळ घेईन, पण आधी हर्षलला तात्यांनी स्वतः उठवावे.

जबाब हवालदारसाहेबांनी वाचून दाखवला, नारळापाशी त्यांना दोनदा थांबावे लागले. तो मी सांगितला तसाच आहे. सही करते वेळी तात्यांनी हर्षलचा हात धरून त्याला उठवले आहे, तरी आम्हाला लवकर सोडावे, मुहूर्त सहाचा आहे.