मॅलकीबरोबर गेलेलं इंजिन

…नाही, नाही, हसा तुम्ही, खुशाल हसा! अख्खं मलिंगार गाव हसतंय, त्यात तुमची भर पडली म्हणून माझं काय आणखी जाणार आहे? पण तुम्हाला सांगतो, साधा पाव आणायला दुकानात जायची चोरी झालीय मला. परवा गेलो, तर काउंटरवरची ती नोरीन, जिला आगगाडी आणि ट्रॅक्टर यातला फरक उभ्या जन्मात कळला नाही, ती चारचौघांत विचारते, "काय लोर्कन, आज कुणाचं काय पुरलंस?" मान खाली घातली आणि निघालो. पाव तिथंच राहिला. आणि हे कुणाच्या वाट्याला यावं? माझ्या! रिव्हेटं मोजणारा माणूस मी!

म्हणजे खरोखर मोजणारा हं, इंजिनाच्या पत्र्यावरचे ते बारीक गोल खिळे. आमचं छोट्या आगगाड्यांचं मंडळ आहे, चर्चच्या हॉलमध्ये. खेळण्यातल्या म्हणू नका, मला राग येतो! जुन्या आयरिश रेल्वेच्या हुबेहूब प्रतिकृती. ज्या लाइनी उखडून गवत उगवलं, ज्यांच्या स्टेशनात आता लोक पडदे लावून राहतात, त्या सगळ्या आमच्याकडे टेबलावर चालू आहेत, आणि खऱ्या कधी धावल्या नाहीत इतक्या वेळेवर. तर कुणी नवीन इंजिन आणलं की मी खिशातून भिंग काढणार, वाकणार, एक डोळा मिटणार, आणि सांगणार, "पाण्याच्या टाकीवर रिव्हेटांची एक ओळ कमी आहे." बस! समोरच्याचा चहा तिथंच गार. लोक इतके वैतागले होते की मी दारातून आत आलो की इंजिनावर रुमाल टाकायचे. मला काय त्याचं? मला वाटायचं, आदर आहे.

आणि सगळ्यात जास्त कुणाला छळलं असेल, तर मॅलकी गिल्हूलीला. देवमाणूस हो! मोठा हसरा चेहरा, गोल पोट, खिशात कायम पेपरमिंट. त्याच्याकडे एकच इंजिन, आणि तेही दुकानातलं, इंग्लिश. त्याला घरी राखाडी रंग फासून म्हणायचा, हे आयरिश! अहो, असं कसं? आमचे रूळ मुळात इंग्लंडच्या रुळांपेक्षा रुंद, त्याचा आम्हाला कोण अभिमान! छोट्या प्रतिकृतीत ते एकवीस मिलिमीटर यायला पाहिजेत. पण दुकानात मिळतात ते साडेसोळाचे, इंग्लिश मापाचे, आणि आळशी लोक त्यावरच भागवतात. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणायचो, "मॅलकी, याला हिरवा झेंडा लावलास तरी चाकं लंडनचीच राहणार!" आणि तो? चिडायचा का? छे! पेपरमिंट पुढं करायचा आणि म्हणायचा, "तू फार जवळून बघतोस लोर्कन. जरा लांब उभा राहा, मग आयरिश दिसेल." मी आपला पेपरमिंट खायचो आणि रिव्हेटं मोजायचो.

आता दुसरा माणूस ऐका, कारण खरं दुखणं तिथं आहे. टर्लो हेनॅगन. फार बोलत नाही. याचे वडील रेल्वेत ड्रायव्हर, आणि ज्या इंजिनावर ते होते नेमकं तेच इंजिन टर्लो घरी बनवत होता. पितळेचा पत्रा कापून, एकेक रिव्हेट हातानं ठोकून, बरोब्बर एकवीस मिलिमीटरवर. वर्षानुवर्षं! मी भिंग घेऊन बसलो होतो त्यावर, आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, एक चूक सापडली नाही. मला झोप आली नाही त्या रात्री, म्हटलं एखादी तरी असायला हवी होती! पण ते पुरं होत आलं आणि टर्लोचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, वाढतच जाणार. चहाचा कप दोन हातांनी धरतो बिचारा. रंग आणि नंबर तेवढे राहिले होते. मग एक दिवस आला माझ्या घरी, इंजिन टेबलावर ठेवलं, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तू कर. दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही मी. आणि आता दुसरं काही व्हायचं नाही माझ्याकडून." ऐकलंत? दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही म्हणाला!

रंगवलं मी. असं रंगवलं की काय सांगू! आणि नेमका त्याच आठवड्यात मॅलकी गेला. झोपेत. त्याची बायको पेग माझ्याकडे आली, डोळे सुजलेले, कोटाखाली ते राखाडी इंजिन, म्हणाली, "लोर्कन, हे त्याच्याबरोबर शवपेटीत जाऊ दे. तेवढं पुसून चकचकीत करून दे, तुझ्याइतकं कुणाला येत नाही." आमच्याकडे ठेवतात पेटीत काही ना काही. कुणी पत्त्यांचा कॅट ठेवतं, कुणी जपमाळ. केलं चकचकीत. आता घरात दोन इंजिनं, दोन्ही राखाडी. दोन्ही मऊ कागदात गुंडाळली, बिस्किटांच्या दोन डब्यांत ठेवली. नाताळात असुम्प्टा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, एकसारखेच दोन डबे घेते. आणि मी शहाणा, मी चिठ्ठ्या लावल्या. एकावर 'टर्लो', एकावर 'मॅलकी'. कशावर लावल्या? झाकणांवर! मग जायच्या आधी एकदा शेवटचं बघावं म्हणून दोन्ही झाकणं काढली, दोन्ही इंजिनं डोळे भरून पाहिली, आणि खालून असुम्प्टा गाडीचा हॉर्न वाजवत ओरडतेय, "अरे, तू येतोयस की त्याला पुरून येऊ आम्ही?" लावली झाकणं घाईघाईनं. कुठलं कुठं लावलं, ते आता अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे.

मॅलकीच्या घरी ही गर्दी! पडदे ओढलेले, मेणबत्त्या, आत जपमाळ चाललेली, स्वयंपाकघरात हॅमच्या सँडविचांचे डोंगर आणि चहाच्या किटल्यांवर किटल्या. टर्लो बाहेर, पिवळं जाकीट घालून शेतात लोकांच्या गाड्या लावून देतोय, म्हणजे तो आत नव्हता, हे लक्षात ठेवा, माझं नशीब! मी उघड्या पेटीजवळ गेलो. माझा चष्मा धुकटलेला, डोळ्यांत पाणी, खोटं नाही सांगत, मला तो माणूस फार आवडायचा हो, जिवंत असताना कधी बोललो नाही. कागद जरा बाजूला केला, धुराड्यापुरता, बाळाचं तोंड उघडं करतात तेवढाच. आणि मला भाषण सुचलं! कुणी सांगितलं होतं? मी म्हणतो, "मॅलकी, तुझं इंजिन इंग्लिश होतं, माप खोटं होतं, पण आज मी तुला माफ करतो!" बायका रडायला लागल्या. तेवढ्यावर थांबावं की नाही? नाही! मी आणखी वाकून म्हणतो, "आणि बघा मंडळी, नीट पुसल्यावर अगदी खऱ्यासारखं दिसतंय!" खऱ्यासारखं! अहो, खरंच होतं ते! टर्लोनं हातानं ठोकलेलं रिव्हेट न् रिव्हेट माझ्या नाकासमोर, आणि रिव्हेटं मोजणारा माणूस मी!

ठेवलं. पेटीचं झाकण लागलं. चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाली, माती पडली, आम्ही सगळे पबमध्ये गेलो, आणि तिथं तीन माणसांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, काय बोललास रे लोर्कन, काळजाला हात घातलास!

पुढच्याच रविवारी आमचं प्रदर्शन. हॉल गच्च. टर्लोच्या इंजिनाची पहिली धाव, म्हणून त्यानं मुद्दाम एकवीस मिलिमीटरचे रूळ अंथरलेले, त्याच्या वडिलांचं स्टेशन उभं केलेलं, पाण्याची टाकी, सिग्नल, फलाटावर दुधाचे कॅन. स्वतः नवीन टाय लावून आलेला. रंगवल्यावर त्यानं ते पाहिलंच नव्हतं, म्हणाला होता, एकदम रुळावरच बघीन. मी डबा आणला, टाळ्या झाल्या. मी कागद सोडला, हात उंच केला, आणि इंजिन रुळावर ठेवलं.

टप्प!

रुळावर बसलंच नाही. दोन रुळांच्या मधोमध खाली पडलं, पोटावर. मी उचललं, परत ठेवलं. टप्प! टर्लो वाकून बघतोय. आणि माझ्या तोंडातून काय निघालं माहितीय? "हवा दमट आहे… रूळ फुगलेत!" रूळ फुगलेत! चाळीस वर्षं मापाच्या गप्पा मारणारा माणूस, आणि म्हणतो काय, तर रूळ फुगलेत! माझं मलाच ऐकू येत होतं. तोवर मागून पेग पुढं आली, हातात केकची बशी, वाकून बघितलं आणि केवढ्या मायेनं म्हणाली, "अगंबाई, हे तर आमच्या मॅलकीचं! …मग त्याच्याबरोबर काय गेलं?"

सगळ्या गाड्या थांबल्या. कुणी थांबवल्या कुणास ठाऊक. मला वाटलं, जमीन दुभंगावी, पण ती नेमकी तेव्हा दुभंगत नाही. फादर टायर्नी हळूच पुढं आले, म्हणाले, "लोर्कन, वर काढायचं म्हणजे कौन्सिलची परवानगी लागेल. आणि कारण काय सांगणार? इंजिन?" मागून कुणीतरी फिसकन हसलं. पेग म्हणाली, "काढा! काढा खुशाल, त्याला चालेल, तो कधी कशाला नाही म्हणाला?" आणि ती रडायला लागली, आपल्या नवऱ्याची पेटी चार दिवसांत पुन्हा उघडायचं ती माझ्यासाठी कबूल करत होती हो! लाज वाटली मला. नुसती फजिती नाही, खरी लाज.

टर्लो खुर्चीवर बसला. हात मांडीखाली दाबून, थरथर दिसू नये म्हणून. म्हणाला, "रंग कसा आला होता?"

म्हटलं, "छान आला होता."

"नंबर सरळ बसला?"

"केसभर फरक नाही, टर्लो."

"हं. मी पाहिलंच नाही." मला वाटत होतं, शिव्या घाल, एक थोबाडीत दे, बशी फेक, काहीतरी कर बाबा! तर म्हणतो, "कुठं ठेवलंस?"

"उजव्या हाताशी."

"तोंड कुणीकडे?"

"पायांकडे."

त्यानं डोळे मिटले, हिशेब केला. आमच्या जुन्या दफनभूमीत सगळ्यांचे पाय पूर्वेला. "पूर्वेला म्हणजे डब्लिनकडे," टर्लो म्हणाला. "बाबा त्याच बाजूला न्यायचे ते." आणि पेगकडे वळून म्हणाला, "काही उकरायचं नाही. राहू दे मॅलकीजवळ. त्यानं किती वेळा मागितलं होतं माझ्याकडे, नुसतं हातात धरायला. मी म्हणायचो, पेपरमिंटचे हात लागतील."

मी तिथंच उभा. मी म्हटलं, "टर्लो, मी काय करू ते सांग. सांगशील ते करतो." आणि हे, मंडळी, कधी कुणाला म्हणू नका! कारण तो उठला, त्या अंथरलेल्या रुळांचा हातभर तुकडा कापून घेतला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हे वर अंथर. बरोबर त्याच्यावर. आणि नीट ठेव." नीट ठेव म्हणजे? म्हणजे लाइन सांभाळायची, दुसरं काय!

तेव्हापासून दर रविवारी मिस्सा सुटली की मी मॅलकीच्या कबरीवर गुडघे टेकून बसलेला. गवत उपटतो, चिखल काढतो, दात घासायच्या जुन्या ब्रशनं रूळ घासतो, माप लावून बघतो. एकवीस! इकडून जाणारे येणारे खोकतात. रिव्हेटं मोजणारा माणूस मी, आता गोगलगायी वेचतो!

आणि त्यात ऑगस्टात कबरींचा रविवार आला. अख्खा परगणा फुलांच्या कुंड्या घेऊन आपापल्या कबरीपाशी उभा, फादर टायर्नी पवित्र पाणी शिंपडत फिरतायत, इथं आले तर रुळांवर जरा जास्तच शिंपडलं, मी म्हटलं, "फादर, बेतानं, गंजतील!" आणि प्रवचन तरी कशावर द्यावं? म्हणाले, जगाच्या शेवटच्या दिवशी तुतारी वाजेल आणि इथं झोपलेले सगळे एकदम उठतील. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी ब्रश चालूच ठेवला. तेवढ्यात शेजारच्या लाँगफर्डहून कुणाची तरी आत्या आलेली, तिला काही ठाऊक नाही, ती थांबली, रुळांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी भाबडेपणानं विचारलं, "काय हो, इथून गाडी कधी आहे?"

म्हटलं, "शेवटच्या दिवशी, बाई. त्याआधी एकही नाही."