सतरा नंबरची लाइन

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या ग्रंथालयाच्या ग्रंथपाल बाई, व्यासपीठावरचे दूरध्वनी केंद्राचे निवृत्त अधीक्षक साहेब, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती ताई, पहिल्या रांगेत एकमेकींना खेटून बसलेल्या त्यांच्या जुन्या ऑपरेटर मैत्रिणी, आमच्या जुन्या संगणकांच्या मंडळाचे सभासद आणि त्या सभासदांना वर्षानुवर्षं सोसणारी त्यांची घरची माणसं, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. अधीक्षक साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलेलं मी पाहिलं. त्यांचा उभा जन्म लोकांची बोलणी तीन मिनिटांत तोडण्यात गेला, तेव्हा दहा म्हणजे त्यांनी सढळ हातानेच दिली म्हणायची.

मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. एकतीस वर्षं प्रुफं तपासली. या धंद्याची खोड अशी, की चूक दिसली की हात शिवशिवतो. लग्नपत्रिका आली की मी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतो, मग लग्न कुणाचं ते. हे मुद्दाम सांगतोय, कारण आज मला तुमच्यासमोर एक कबुली द्यायची आहे. सत्काराच्या सभेत कबुलीजबाब शोभत नाही, पण त्याशिवाय ताईंची गोष्ट पुरी होत नाही.

आमचं मंडळ काय करतं, हे नव्या मंडळींना थोडक्यात सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी घरगुती संगणक यायचे. टंकलेखन यंत्राएवढे, टीव्हीला जोडायचे. त्यांच्यावरचे खेळ असायचे साध्या कॅसेटवर, गाण्यांच्या असतात तशाच. टेपरेकॉर्डर लावला की पाच-सात मिनिटं कर्कश आवाज यायचा आणि मग, दैव बरं असेल तर, पडद्यावर खेळ उमटायचा. हे खेळ कुणीकुणी घरी बसून लिहिले, गल्लीतल्या दुकानांनी शंभर-दोनशे प्रती काढून विकले आणि सगळे विसरून गेले. आम्ही ते शोधतो. जुन्या बाजारात, बंद पडलेल्या दुकानांच्या पोटमाळ्यांवर, कुणाच्या तरी चुलत्याच्या ट्रंकेत. सापडलेली कॅसेट स्पिरिटने पुसतो, टेपरेकॉर्डरचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करतो आणि आतला खेळ नव्या यंत्रात उतरवून घेतो. आमची सौ. म्हणते, लोक जुनं देऊन नवं आणतात, आमच्याकडे नवं देऊन जुनं येतं. ती इथे बसली आहे, म्हणून पुढचं बोलत नाही.

तर बारा वर्षांपूर्वी जुन्या बाजारात मला एक कॅसेट मिळाली. खेळाचं नाव ‘नंबर प्लीज’. कव्हरवर एका दुकानाचा शिक्का आणि लेखक म्हणून एका गृहस्थाचं नाव. टेपला बुरशी आली होती. तिसऱ्या खेपेला ती कशीबशी उतरली, आणि चौथ्यांदा लावली तेव्हा तपकिरी लेप निघून नुसती पारदर्शक पट्टी राहिली. म्हणजे जगात जे काही उरलं होतं ते माझ्या यंत्रात.

खेळ पाहून मी खुळावलो. पडद्यावर टेलिफोन एक्स्चेंजचा बोर्ड. वीस दिवे. दिवा लागला की तो नंबर घ्यायचा आणि त्याला हवी ती लाइन जोडायची. उशीर केला की माणूस चिडून फोन ठेवतो. असे तिघं चिडले की तुमची नोकरी गेली. अग्निशमनवाले आणि दवाखाना यांना मात्र आधी घ्यायचं. खेळता खेळता तळहाताला घाम यायचा.

पण त्यात एक खोट होती. सतरा नंबरचा दिवा लागला की विझायचाच नाही. त्याला कितीही ताटकळत ठेवा, तो फोन ठेवत नसे. आणि त्याला घेतलं तर पडद्यावर नुसती वेळ दिसायची, खाली ‘आभारी आहे’ एवढे शब्द, आणि गुण शून्य. मी आतल्या ओळी तपासल्या. सतराव्यासाठी तीस-बत्तीस ओळींचा वेगळाच तुकडा होता. मी ठरवून टाकलं की हे चाचणीसाठी घातलेलं असणार, लेखक काढायला विसरला. विसरला तर विसरला, आम्ही कशाला बसलोय? मी तो तुकडा उडवला, सतराव्याला इतरांसारखं केलं, ओळींचे क्रमांक नीट लावले आणि ती स्वच्छ प्रत आपल्या संग्रहात ठेवली. मूळ प्रत पुसून टाकली. काय काढलं याचं टिपणसुद्धा ठेवलं नाही. जन्मभर हस्तलिखितं जपून ठेवणाऱ्या माणसाने हे केलं, आणि वर नोंदवहीत लिहिलं, ‘दोष दूर केला’.

लेखकाचा शोध मात्र चालू ठेवला. दुकान केव्हाच बंद झालं होतं. गेल्या वर्षी दुकानदाराच्या सुनेकडून पत्ता लागला. लेखक म्हणून ज्यांचं नाव होतं ते गृहस्थ एका मोठ्या संगणक कंपनीतून निवृत्त झालेले, याच शहरात, आमच्या छापखान्यापासून दोन थांबे पुढे. मंडळाने ठरवलं, यांचा सत्कार करायचा. होय, आजचा हा सत्कार आधी त्यांचा ठरला होता. आमंत्रण द्यायला मी गेलो.

नेटकं घर. एकटेच राहतात. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी भारावून बोलत होतो आणि बोलण्याच्या ओघात म्हणालो, “साहेब, सतरा नंबरमध्ये एक चूक राहिली होती तुमची. मी दुरुस्त केली.” त्यांनी विचारलं, कसली चूक? मी सांगितली. ते उठले, आत गेले. भांड्यांचा आवाज आला. बराच वेळ लावून चहा घेऊन आले, माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “ती चूक नसावी. पण काय होतं ते मला सांगता येणार नाही. तो खेळ माझा नाही. ताईचा आहे.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. संगणक त्यांनी हौसेने आणला आणि दोन महिन्यांत कंटाळले. थोरली बहीण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ती सुटीच्या दिवशी त्याच्यापुढे बसायला लागली. चौकटीच्या वहीत दिवे काढायची, पुस्तक उघडून एकेक आज्ञा शिकायची. आठ महिन्यांत तिने खेळ पुरा केला. दुकानात कॅसेट घेऊन गेले ते हे. दुकानदाराने विचारलं, कुणी केलाय? हे म्हणाले, आमच्या घरी केलाय. दुकानदाराने समोरच्या माणसाचं नाव लिहून घेतलं. कव्हरं छापून आली तेव्हा यांच्या लक्षात आलं.

“तेव्हा बोललो असतो तर कव्हरं पुन्हा छापावी लागली असती,” ते म्हणाले. “एवढीच सबब होती माझ्याकडे. पुढे त्या कॅसेटवर मला नोकरी लागली, मग ती सबबही पुरेना.”

आणि ताई? ताईंनी कव्हर उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, असू दे, घरातल्या एकाचं तरी नाव आलं. भांडण नाही, रुसवा नाही. भावाच्या लग्नात राबल्या, वहिनीच्या आजारपणात उशाशी बसल्या. दर महिन्याला येणं-जाणं. पण त्या दिवसानंतर त्या संगणकाला त्यांनी हात लावला नाही, आणि चाळीस वर्षांत या विषयावर दोघांमध्ये एक शब्द निघाला नाही. तुम्हीच सांगा, मित्रहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात असा एखादा विषय नसतो का, की जो सगळ्यांना ठाऊक असतो आणि ज्याला सगळेच वळसा घालून जातात?

त्यांनी मला विनवलं, तुम्हीच जा ताईकडे, माझ्याच्याने होत नाही. मी म्हटलं, साहेब, मी येतो, पण तुम्हीही चला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं ताईंच्या घरी गेलो. दुसरा मजला. एका हातात संगणक, दुसऱ्या हातात तारांचं भेंडोळं, आणि मागे साहेब, शाळेत जायला नको असलेल्या मुलासारखे एकेक पायरी मोजत. ताईंनी यंत्र पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि टीव्हीवरचं कापड काढून घेतलं. मी खेळ लावला. त्या मोडा ओढून बसल्या. पहिली पाच मिनिटं बोटं अडखळली, मग अशी चालायला लागली की मी बघतच राहिलो. आणि मध्येच त्या थांबल्या.

“सतरा नंबर फोन ठेवतोय,” त्या म्हणाल्या. “ते कधीच फोन ठेवत नसत. हे कुणी बदललं?”

आयुष्यात माझ्या हातून पुष्कळ चुका सुटल्या. एकदा शोकसभेच्या पत्रकात ‘शोक’च्या जागी ‘शौक’ छापलं गेलं होतं. पण जमीन दुभंगावी असं मला त्या मोड्याशेजारी उभं असताना वाटलं, तसं कधी वाटलं नव्हतं.

सतरा नंबर हे खरे गृहस्थ होते. पहिल्या रांगेतल्या बायका माना डोलावताहेत, त्यांना ते आठवतात. वयस्कर, एकटे. दिवसातून तीनदा रिसीव्हर उचलायचे आणि वेळ विचारायचे. घरात घड्याळ नसेल असं थोडंच आहे? कामाची गर्दी असली की ऑपरेटर त्यांना शेवटी ठेवत. त्यांनी कधी तक्रार केली नाही. ‘तुमचं आवरू द्या आधी,’ म्हणायचे. वेळ सांगितली की आभार मानायचे आणि फोन ठेवायचे. ताईंनी त्यांना खेळात घेतलं, बस्स. मी ज्याला खोट म्हटलं तो खेळातला एकमेव माणूस होता, बाकीचे नुसते दिवे होते. आणि त्यालाच मी काढून टाकलं होतं.

मी क्षमा मागितली. मूळ आता कुठेच नाही, हेही सांगितलं. ताईंच्या आधी बोलले साहेब. खाली बघत, अगदी हळू. म्हणाले, “ताई, यांनी तीस ओळी काढल्या. मी तर तुझं नाव काढलं. आधी माझा निवाडा कर.”

त्या माउलीने काय करावं? पदराने डोळे पुसणं वगैरे नाही. तिने भावाला सांगितलं, कपाटाच्या खालच्या खणातून वही काढ. चौकटीची वही नव्हती ती, ती केव्हाच रद्दीत गेली होती. कोरी वही. आणि मला म्हणाल्या, सरका जरा, मला कळा दिसू द्या.

तीन रविवार लागले. चाळीस वर्षांनी, आठवणीतून, त्यांनी तो तुकडा पुन्हा लिहिला. साहेब शेजारी बसून आकडे वाचून दाखवायचे, मी कागद धरायचो. मला बोलायची मनाई होती. तिसऱ्या रविवारी सतराचा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. साहेबांनी तो घेतला. पडद्यावर वेळ आली, आभार आले. ते चष्मा पुसायला गॅलरीत गेले ते दहा मिनिटं आलेच नाहीत.

आता गंमत ऐका. गेल्या महिन्यात एका शाळेच्या प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना तिथल्या शिक्षिकेला ‘नंबर प्लीज’ची दुसरी कॅसेट मिळाली. खणखणीत. मी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. मांडणी थोडी निराळी, पण खेळ तोच, फक्त एका जागी फरक. जुन्या खेळात सतराला घेतलं की गुण शून्य. ताईंनी आता लिहिलेल्यात एक गुण मिळतो. मी बिचकत विचारलं, ताई, विस्मरण झालं का? त्या म्हणाल्या, “नाही. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. त्यांना वेळ सांगण्यात माझा वेळ फुकट जातो असं वाटायचं. आता मीही एकटीच राहते.”

दोन्ही प्रती आपल्या संग्रहात राहतील. मी एकीलाही हात लावलेला नाही. नोंदवहीतली माझी ती ओळही तशीच आहे, खाली खरं काय घडलं ते लिहून सही केली आहे. लेखिकेच्या नावाची पाटी साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिली. आज त्यांना व्यासपीठावर बसा म्हणून आम्ही खूप आग्रह केला. ते म्हणाले, मी समोर बसतो, मला ताईला नीट बघायचंय. तिसऱ्या रांगेत बसले आहेत. कृपया कुणी मागे वळून त्यांना अवघडवू नका.

जाता जाता एक बातमी. ताईंनी ती वही परत कपाटात ठेवलेली नाही. निम्म्याहून जास्त भरली आहे. त्या नवा खेळ लिहिताहेत. कशावर आहे, असं मी विचारलं तर सांगेनात. म्हणाल्या, पुरा झाल्यावर कळेल. पण एक अट घातली आहे आणि ती मी या भरल्या सभेत मंडळाच्या वतीने मान्य करतो. त्या म्हणाल्या, “कव्हर छापायच्या आधी मला दाखवायचं.”

अध्यक्षा बाईंनी सभागृह दिलं, मैत्रिणींनी लांबून येण्याची तसदी घेतली, त्या शिक्षिकेने कॅसेट टाकून न देता टपालाने पाठवली, आणि अधीक्षक साहेबांनी माझी लाइन अजून तोडली नाही, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही अधिक-उणं झालं असेल, तर ते माझ्या पदरात टाका आणि मला क्षमा करा. ताई, आता बोलायची पाळी तुमची. या.