लाथाडलेली घागर

"हॅलो?… हो, गोंदियाचा मिशन दवाखाना. नर्स देवकाबाईच बोलून राहिली… तिरोड्याहून ट्रंक कॉल? द्या, द्या जोडून… हॅलो?… कोण?"

नाव सांगायची गरजच पडली नाही. पलीकडचा माणूस नुसता खाकरला आणि देवकाबाईनं थोरल्या भावाला, टिकारामला, ओळखलं. अकरा वर्षांनी.

"भाऊ?… हो, मीच. ऐकू येऊन राहिलं, बोल. तीनच मिनिटं असतात."

एरवी रविवारी मुर्रीच्या प्रार्थनाघरात ती कीर्तनाला उभी राहिली, की पूर्वरंगच तासभर चाले. घर सोडून परत आलेल्या मुलाला बाप धावत जाऊन मिठी मारतो, ते बायबलातलं आख्यान ती गाऊ लागली की मागच्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावत. आज गाणं सुचत नव्हतं. टिकाराम सांगत होता, डाव्या पायाची जखम दोन महिने चिघळली आहे, घोटा काळा पडला आहे, वैद्यानंही हात टेकले.

"काळा?… वास येते?… मंग इतके दिवस घरी काऊन बसून राहिला?"

त्यानं कारण सांगितलं, ते घागरीचं. तिनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीनं तिच्या नावानं पाण्याची घागर अंगणात मांडली होती. जितं माणूस मेलं असं ठरवायची ती रीत. घागर डाव्या पायानं लाथाडायची ती थोरल्या भावानं. टिकारामनं ती फोडली, मग सगळे नदीवर अंघोळीला गेले, आणि त्या दिवसापासून तिचं नाव त्या घरात कोणी घेतलं नाही. आता तोच पाय सडतो आहे, ही शिक्षाच आहे, असं टिकाराम म्हणत होता. याच पायानं अनवाणी गोंदियाला चालत येईन, तुझ्या उंबऱ्यावर नाक घासीन, मगच औषध लावू देईन.

"चालत?… हो, हो, ऐकलं. आता माझं ऐक. वेशीपर्यंत तरी पोचशील का तू?… नाही. अनवाणी नाही, नाक घासणं नाही. दुपारची पॅसेंजर आहे, तिच्यात बस. मी ठेसनावर स्ट्रेचर घेऊन उभी राहते."

तो हटेना. फेडल्याशिवाय सुटका कशी, असं विचारू लागला. आणि जिला आम्ही मेलेली धरली, तिनं माफी द्यायची तरी कशी?

"मेलेलीनं?… भाऊ, माझा प्रभू तर खरोखरच मेला होता. उठला आन् जे त्याले सोडून पळाले, त्यायच्याच मधात जाऊन उभा राहिला. कोणाले अनवाणी बोलावलं नाही त्यानं. तुझ्या वाट्याचं चालणं तो क्रूस खांद्यावर घेऊन चालून बसला. आता तू कायले चालतोस?… हो ऑपरेटर, वाढवा. आणखी तीन वाढवा."

टिकाराम म्हणाला, तू नीतिमान बाई, देवाचं गाणारी, तुला हे सोपं आहे.

"नीतिमान? मी?… थांब. हे मी कोणालेच सांगितलं नाही." तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "तुम्ही नदीवर गेले, तेव्हा मी कुडाआडून निघाली आन् त्या घागरीचं एक खापर उचललं. अजून पेटीत आहे, लुगड्याखाली… काऊन म्हणजे? राग विझू नये म्हणून. प्रार्थनाघरात प्रभुभोजनाची भाकर घेऊन घरी येते आन् ते खापर काढून पाहते. तुझ्या पायाचं गावाकडून आलेल्या सुशीलाबाईनं पंधरा दिवसांआधीच सांगितलं होतं. मले बरं वाटलं, भाऊ… हो. बरं वाटलं. नर्स असून."

परत आलेल्या मुलाच्या त्या आख्यानात एक थोरला मुलगाही आहे. भाऊ परत आला म्हणून रुसून अंगणात उभा राहतो, बाप विनवतो तरी आत जात नाही. ते कडवं ती नेहमी घाईघाईनं उरकून टाकी. काऊन, ते तिला आज या टेबलापाशी कळलं.

"मंग सांग, मी किती कोस चालू?… बोल ना. नाही सांगता येत? तर मंग दोघंही फुकटातच सुटू. आपल्याले दुसरी वाटच नाही."

त्यानं बारीक आवाजात विचारलं, पॅसेंजर किती वाजता.

"दीडले. पोराले, खेमराजले, संग घे. पट्टी सैल बांध, पाय वर ठेव… काय? तांदूळ आणतोस? आण. इथंच शिजवू, एकाच ताटात खाऊ… खापर? ते कुंडीच्या भोकावर ठेवते, माती वाहून जाणार नाही… आन् भाऊ, ठेसनावर गर्दी असते. मी दिसली नाही तर हाक मार. नावानं मार… आत्ता मारून पाह्य ना."

पलीकडे तिरोड्याच्या पोस्टात कोणी तरी खोकलं. मग ते नाव आलं. आधी अर्धं. मग पुरं.

"ओ," देवकाबाई म्हणाली. "ओ, भाऊ."

तोवर लाईन तुटली होती. तिनं रिसीव्हर ठेवला आणि स्ट्रेचर शोधायला गेली.