मागचा गळा, नऊ इंच

गळा बंद करायचाय म्हणता, पण मुलीला विचारलंत का? — नाही, मी आपलं विचारते, ड्रेस तिचा आहे ना. ऐश्वर्या नाव ना तिचं, बारावीला? परवा तुमच्यामागे पिशवी धरून उभी होती, एक शब्द बोलली नाही. बसा ना, त्या स्टुलावर बसा, चिंध्या सारा बाजूला. माझं काम चालू राहील, मी उसवता उसवता बोलते, हाताला सवय आहे. होईल हो, सगळं होतं. बाह्यांना मिळतंजुळतं कापड आणावं लागेल, गळ्याला आतून पट्टी देता येईल. मागच्या महिन्यात मी दुसरं काही केलंच नाही — एकोणीस ड्रेस. बाही लांब करा, गळा वर घ्या, बाजूचे कट शिवून टाका. एक बाई दुसरीतल्या मुलीचा फ्रॉक घेऊन आलेल्या. फ्रॉक तो, त्याचं मी काय झाकणार? तरी घेतला. दोन इंच झालर लावून दिली.

तुम्ही नवीन आलात ना कोपरला, दिवाळीनंतर? मग ऐकलं असेल अर्धवट. — हो, रसिका. नाव घ्यायचं नसतं म्हणतात कायद्याने, पण तिनेच मला सांगितलं, काकू, घ्या नाव, मी काय चोरी केलीय. आमच्या मागच्या बिल्डिंगमधली. आई कलावती, पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, रसिका एमआयडीसीत एका लॅबमध्ये कामाला. तिच्या मामेबहिणीची हळद होती ठाकुर्लीला, हॉलमध्ये. तिथून परत निघताना आमच्याच गल्लीतला मितेश म्हणाला, चल, मीपण घरीच चाललोय, गाडीतून सोडतो. लहानपणापासून ओळखीचा, दहीहंडीला एकत्र नाचलेली पोरं ती. बसली गाडीत. दुपारचे चार वाजलेले, ऊन होतं. पुढचं मी नाही सांगत. ते तिने जिथे सांगायचं तिथे सांगितलंय, तीनदा, आणि तिसऱ्या दिवशी तक्रार घेतली पोलिसांनी.

ब्लाउज मी शिवलेला.

पिवळा, मागे गोल गळा, नाडी, नाडीला दोन लटकनं — लटकनंसुद्धा मी हाताने केलेली, आत कापूस भरून. तुम्हाला कळायचं नाही, म्हणजे शिवणाऱ्याला कळतं — मागचा गळा नऊ घेतला की खांदा उतरतो. हमखास उतरतो. मग बायका दिवसभर खांदा वर ओढत बसतात. तिचा उतरला नाही. मी आतून एक बारीक टेप लावते, दिसत नाही. ट्रायलला आली तेव्हा आरशात मागे वळून वळून बघत होती, म्हणाली काकू, उडी मारली तरी हलणार नाही. आणि मारली इथेच, त्या मशीनपाशी. मला फार बरं वाटलेलं. माझं काय, मी दहावी झालेली बाई, कुणी कामाला छान म्हटलं की विरघळते. तिथेच तर चुकलं.

कसं म्हणजे — चित्राताई आल्या. मितेशची आई. तेव्हा तो आत होता, दोन दिवस झालेले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक माझं, त्यांच्या मंगळागौरीच्या साड्यांना फॉल मी लावलेत. मला वाटलं बिचारी काय तोंडाने आलीय. पाणी दिलं मी त्यांना. त्या बसल्या, तुम्ही बसलायत तिथेच, आणि पिशवीतून ब्लाउजपीस काढला. मला नवल वाटलं, अशा वेळी ब्लाउज? पण म्हटलं, माणूस कशातही मन घालतं. मग म्हणाल्या, रसिकाचा पाठीमागचा गळा किती सुंदर बसलेला गं, हळदीचे फोटो बघितले, किती घेतलेलास? आणि मी — मी वही काढली. मापाची वही. मोठी, लांबोडकी, पंचवीस वर्षांची गिऱ्हाइकं तिच्यात. पान काढून त्यांच्यासमोर धरलं आणि बोटाने दाखवलं, हे बघा, नऊ. मागे नाडी. नऊ घेऊनही खांदा उतरला नाही, बघितलंत ना. म्हणाल्या, थांब हं, मला फोटो काढून ठेवू दे, माझ्या सुनेच्या टेलरला दाखवते. मी पान नीट सरळ धरलं. सावली पडत होती तर ट्यूबलाइट लावली.

संध्याकाळी ते पान तिन्ही बिल्डिंगच्या ग्रुपवर. माझं अक्षर. रसिका, छाती, कंबर, मागचा गळा ९, नाडी — ९ च्या खाली मी दोन रेघा मारलेल्या, मी नेहमी मारते, कापताना चूक नको म्हणून. खाली कुणीतरी लिहिलेलं, टेलरबाईनेच दाखवलंय, बघा आता टाळी कुठल्या हाताने वाजते. मग सगळेच लिहायला लागले. मागे नाडी आणि पुढे तक्रार, असंही एकाने लिहिलं. हसण्याची चित्रं टाकली लोकांनी. ज्या बायकांचे गळे मी आठ आठ घेतलेत त्यांनीसुद्धा हात जोडल्याची चित्रं टाकली, म्हणजे नक्की काय ते मला कळलं नाही.

मी जेवले त्या दिवशी. खोटं कशाला बोलू. भात केला, जेवले, भांडी घासली. मला काही वाटतच नव्हतं. हाताला मुंग्या आल्या की चिमटा काढला तरी कळत नाही ना, तसं.

नाही, रागावली नाही ती, रसिकाची आई. रागावली असती तर बरं झालं असतं. कलावती आली दुसऱ्या दिवशी, अंतराला घेऊन. अंतरा पहिल्या बिल्डिंगमधली, शाळेत शिकवते, तीच बायका गोळा करत होती, शनिवारी चौकीवर मोर्चा न्यायचा म्हणून. तिथल्या एका साहेबांनी रसिकाला पहिला प्रश्न कपड्यांचा विचारलेला. अंतरा मला म्हणाली, काकू, तुम्ही मोर्च्यात दोन वाक्यं बोला. बोला की वहीत चूक झालीय, ते माप दुसऱ्या कुणाचं आहे, रसिकाचा गळा साधाच होता. म्हणजे तोंडं बंद होतील. मी म्हटलं, बोलते. मला तेवढंच हवं होतं, चुकलेली शिवण उसवता आली तर. पण कलावती पोळ्या लाटून आलेली, हाताला पीठ तसंच, ती म्हणाली, खोटं कशाला? नऊच होता. नाडी मी बांधली सकाळी. मी तिला म्हटलं पण, वळ बघू, किती गोड दिसतेस. — एवढं म्हणाली आणि उठून गेली. तवा तापत ठेवलाय म्हणाली.

शनिवारी अकराला निघालो. मला वाटलेलं वीसेक बायका येतील, शंभरावर आल्या. काही ठाण्याहून आलेल्या, अंतराच्या ओळखीच्या. भीमाबाई आल्या, आमच्याकडे जिने झाडतात त्या. घोषणा कुणाला धड येत नव्हत्या, एक पुढे म्हणायची आणि मागच्या भलतंच म्हणायच्या. चौकीपाशी थांबलो. अंतराने तो हातातला भोंगा माझ्याकडे दिला. मी वही घेऊन गेलेले, का ते मला माहीत नाही. बोलायचं काय तेही ठरवलेलं नाही. मला भाषण कुठे येतं, मला वही वाचता येते. म्हणून मी वही उघडली आणि वाचायला लागले. म्हटलं, रसिका, मागचा गळा नऊ. मी कापलाय. पुढचं पान — अंतरा, मागचा गळा दहा. अंतरा दचकली. मग तिने हात वर केला, म्हणाली, मी. मी पुढचं नाव घेतलं. आठ. तिने हात वर केला. साडेसात. मी. भीमाबाई, चार, बंद गळाच म्हणायचा — त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, बंद होता तरी माझ्या अंगाला हात लावलेला मुकादमानं, लिवा ते पण. मग मागून एकजण म्हणाली, काकू, गळा वाचा पण माझी कंबर नका वाचू हां, आणि सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले असेन. जी तिथे उभी दिसत होती तिचंच वाचलं मी, नसलेल्यांची पानं उलटली. चित्राताईंचं पान आलं. सात आहे त्यांचं. ते उलटलं.

आणि मग पानं संपली, तरी मी वाचत होते. सुनंदा, वय वर्षं तेरा, पोलकं, गळा बंद, बाही कोपराखाली, परकर घोट्यापर्यंत.

— माझंच नाव सुनंदा. ते वहीत नव्हतं हो. वही तर मी लग्नानंतर सुरू केली. तोंडातून निघून गेलं. गावाला, लांज्याकडे, आत्याचे यजमान. मी कुणाला सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही, ते गेले आता. आईला कळलेलं. तिने फक्त माझ्या परकराची दुमड सोडली आणि लांब करून दिला. रात्रभर हातशिलाई करत बसलेली. दुमड कशी सोडायची ते मी तिथेच बघून शिकले. आता तुमच्यासारखं कुणी आलं ना, की उंची वाढवून द्या म्हणून, मला पहिल्यांदा तिचा हातच दिसतो.

हे मी तुम्हाला का सांगतेय, तुम्ही ड्रेस द्यायला आलात. पाणी घ्या ना.

काही नाही झालं मग. साहेब बाहेर आले, निवेदन घेतलं. चौकशी करू म्हणाले. अंतराने त्यांच्याकडून लिहून घेतलं की कपड्यांचे प्रश्न विचारणार नाहीत, त्यावर शिक्का मारून घेतला. मग ते म्हणाले, बाई, ही वही जमा करावी लागेल, तो फोटो हिच्यातलाच ना, पुरावा आहे. दिली. पंचवीस वर्षांची वही, पावती दिली त्यांनी. म्हणून आता कुणाचंच जुनं माप नाही माझ्याकडे. मोर्च्याने पाच गिऱ्हाइकं गेली. ग्रुपवर मला आता कोण बोलत नाही, वाईट नाही आणि चांगलंही नाही. मितेश जामिनावर बाहेर आहे. काल इथूनच गेला, फोनवर बोलत.

तर हा ड्रेस तुम्ही परत घेऊन जा. रागाने नाही म्हणत. ऐश्वर्याला पाठवा, एकटीला पाठवा, ती सांगेल तेवढा गळा मी ठेवीन. बंद म्हणाली तर बंद. आणि किती ठेवला ते मला विचारायला येऊ नका, तुम्ही आई असलात तरी. मी ते आता कुणाला सांगत नाही.

नवीन वही आहे ही. शंभर पानी, कोपऱ्यावरच्या दुकानातली. पहिलं पान भरलेलं आहे, ते नका बघू. मोर्च्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी शटर वर केलं तर रसिका पायरीवर बसलेली, मांडीवर ब्लाउजपीस. मी टेप घेऊन पुढे गेले तशी ती मागे सरकली. मग टेप तिने माझ्या हातातून घेतली, स्वतःचं माप स्वतः घेतलं, एकेक आकडा सांगत गेली, आणि मी लिहून घेतलं.