पाकिटातलं कुरुत

“आजी, सगळ्यात चांगलं कुरुत समोर असताना तुम्ही ते का घेत नाही?”

ओश शहराच्या बाजाराबाहेर मिनीबसच्या रांगेत हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि मी विचारलंसुद्धा! मी कोणाची मुलगी, हे मात्र सांगितलं नाही. आईच्या कुरुताच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या, निळ्या पाकिटांतल्या खारट गोळ्या याही आठवड्यात खपल्या नाहीत, तर ती गाळा सोडणार होती. पुढच्या दोघी आजी एकमेकींकडेच वळल्या.

“कुठलं गं चांगलं, सोनुन?”

“ते निळ्या पाकिटातलं म्हणत असेल. बंद, स्वच्छ, माशी बसत नाही.”

“माशीलाही चाखता येत नाही आणि मलाही! न चाखता कुरुत घ्यायचं?”

“माझ्या सुनेने आणलं होतं. खरं सांगते कालिपा, तसं कुरुत माझ्या आईनंतर खाल्लं नव्हतं.”

“मग आज कुठलं घेतलंस?”

“गुलबाराकडचं.”

“ते तर नुसता मिठाचा खडा!”

“अगं, पण ती हातावर तीन गोळ्या ठेवते, नातवंडांची चौकशी करते. एवढं खाऊन रिकाम्या हाताने निघायचं? लाज वाटते.”

“आणि पाकीटवाली?”

“हात बांधून बसते बिचारी. हसते मात्र छान.”

बस आली, पण मी उलटी बाजारात पळाले. आई-बाबा पाकिटं खोक्यात भरत होते.

“आई, बाबा, थांबा! गाळा सोडायचा नाही. मी दहा पाकिटं फोडतेय, आणि शाळा सुटल्यावर रोज इथे उभी राहून येणाऱ्या प्रत्येक आजीच्या हातावर तीन गोळ्या ठेवणार आहे!”