शेगडीखालची जाळी

डेन्झिल : नाही जात गं हात. कोपराशीच अडकतो. तुझ्या नवऱ्यानं व्हॅनमध्ये कपाट बांधलंय की किल्ला? एक स्क्रू हाताला लागेल तर शपथ!

मॉर्वेना : फोड मग.

डेन्झिल : अख्खा हिवाळा घातला होता पेट्रॉकनं या कपाटापायी.

मॉर्वेना : आणि याच व्हॅनमध्ये मेला. फोड म्हणते ना! त्याचा भाऊ म्हणून तुझ्या जिवावर येत असेल तर पहार इकडे दे.

डेन्झिल : अगं, पोलीस तपासात अपघातच म्हणाले की. हीटर रात्रभर चालू राहिला, हवा कोंडली, झोपेतच गेला.

मॉर्वेना : त्यांनी हीटर तेवढा नेला. बाहेरची हवा आत येते त्या जाळीपर्यंत कुणाचा हात पोचलाय? आणि बंदरावरच्या पबमध्ये काय कुजबुजतात ते तू मला सांगत नाहीस. बायकोशी पटत नव्हतं, मुद्दाम केलं त्यानं, असंच ना? मला कळायला हवं, डेन्झिल. नाहीतर वेड लागेल मला.

डेन्झिल : सरक.

(फळी मोडल्याचा आवाज.)

डेन्झिल : आता तू घाल हात, तुझा बारीक आहे. शेगडीखालून, डावीकडे. खाली तळाला जाळी लागेल.

मॉर्वेना : जाळी नाही लागत. मऊ आहे काहीतरी. चिकटवलंय.

डेन्झिल : हा सुरा घे. जपून.

मॉर्वेना : गालिचा! आमच्या जिन्यावर गेल्या सप्टेंबरात घातला, त्याचा उरलेला तुकडा. म्हणजे त्यानंच बुजवली. खरं बोलत होते रे लोक.

डेन्झिल : थांब, रडू नकोस. कडा बघ किती नीट कातरल्यात. मरायला निघालेला माणूस एवढी कलाकुसर करत बसतो होय? टॉवेल कोंबतो नि मोकळा होतो. खालून गार वारा शिरतो म्हणून बुजवली त्यानं. व्हॅनमध्ये झोपणारा प्रत्येक दीडशहाणा हेच करतो. मीही केलंय, देवानं वाचवलं. त्याला मरायचं नव्हतं गं, ऊब हवी होती.

मॉर्वेना : पेट्रॉकला? ऐन जानेवारीत खिडकी उघडी टाकून झोपायचा तो!

डेन्झिल : मग कुणासाठी?

मॉर्वेना : सारखा मागे लागला होता, चल, दोघंच लांब जाऊ, नव्यानं सुरुवात करू. मी म्हटलं, तुझ्या व्हॅनमध्ये माझे पाय गारठतात. आधी तो वारा बंद कर, मग येते.

डेन्झिल : बघ! तुझ्यासाठीच चाललं होतं त्याचं. आधी एक रात्र स्वतः झोपून बघितलं असेल, ऊब टिकते का ते.

मॉर्वेना : मी येणारच नव्हते, डेन्झिल. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं.